दोन्ही बोर्डांची तीच पिन कशी मरेल?

आधी पत्र, थोडं छाटून:

"ताई नमस्कार. मी रावेर तालुक्यातला, डिप्लोमा सेकंड इयरला आहे, घरी केळी आहे. आमच्याकडे थ्री फेज कधी दिवसा कधी रात्री येते, रात्रीच्या पाळीला पप्पांना उठून मळ्यात जावं लागतं म्हणून मी आर्डुइनो ऊनोवर (तो प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) टाइमर बनवून राहिलो. लाइट आली की दोन मिनिटं थांबायचं, मग रिलेने (कॉइलने ओढला जाणारा स्विच) स्टार्टर चालू करायचा, आणि मोबाइलवरून ब्लूटूथने पण चालू-बंद. प्रॉब्लेम असे आहेत. प्रोग्राम नीट अपलोड होऊन नाही राहिला, कधी जातो, कधी नॉट इन सिंक अशी एरर दहा वेळा येते. गेला तरी ७ नंबर पिनवरचा रिले टिक पण करत नाही. ब्लिंकचा प्रोग्राम टाकून त्या पिनला एलईडी लावला तर नुसता मिणमिणतो, पण मीटरने मोजलं तर ४.९ व्होल्ट बरोबर येतात. आणि ८ नंबर पिनला आधी मी निळा रिले डायरेक्ट लावला होता, दोनदा वाजला, आता ती पिन काहीच देत नाही. दुसरा बोर्ड घेतला, त्याची पण ७ नंबर तशीच. पप्पा म्हणतात एवढ्या पैशात रात्रीचा माणूस लावला असता. तिसरा बोर्ड ओरिजिनल घेऊ का? दोन्ही प्रोग्राम सोबत पाठवतो. — केळीवाला"

भाऊ, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर तू उद्या सकाळीच गाडीला किक मारून जळगाव गाठशील. तिसरा बोर्ड घेऊ नको. ओरिजिनल पण नको, डुप्लिकेट पण नको. तुझ्याकडे आत्ता एक धडधाकट बोर्ड आहे आणि एक असा आहे ज्याची एक पिन तू स्वतःच्या हाताने मारलीय (त्यावर येतेच), बाकी जे काय बिघडलंय ते बोर्डात नाहीच, तुझ्या दोन प्रोग्रामात आणि चार वायरीत आहे.

आणि हे मला प्रोग्राम उघडायच्या आधीच कळलं होतं, पत्रातल्या एका वाक्यावरून, की दुसऱ्या बोर्डाची पण ७ नंबर तशीच. अरे, त्या बोर्डावर ० ते १३ अशा चौदा डिजिटल पिना, दोन वेगवेगळे बोर्ड, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले, आणि दोघांची नेमकी सातवीच मेली? घरात एकाच होल्डरमध्ये लागोपाठ दोन नवे बल्ब लागले नाहीत तर आपण तिसरा बल्ब आणतो का होल्डर उघडतो?

आता हे मी शहाणपणा केल्यासारखं सांगतेय पण मी स्वतः हाच गाढवपणा केलेला आहे. आमच्या वेळी प्रोजेक्टला सगळे एटीमेगा १६ किंवा ३२ वापरायचे, चाळीस पायांची ती लांबडी चिप. मी पोर्ट सी वर, म्हणजे तिच्या आठ पिनांच्या एका गटावर, आठ एलईडी लावले, सगळे लावायचा साधा प्रोग्राम टाकला, आणि काय, पहिले दोन लागले, शेवटचे दोन लागले, मधले चार अंधारात. समोरचे दात पडलेल्या माणसासारखी ती लाइन दिसायची. दुकानात जाऊन भांडले, चिप बदलून आणली, लावली, परत तेच चार बंद. तरी माझ्या डोक्यात प्रकाश नाही, म्हटलं ह्याचा सगळा लॉटच खराब, तिसरी चिप वेगळ्या दुकानातून आणली, परत तेच चार. मग एका सीनिअरने नुसतं लांबून बघून सांगितलं, अगं त्या चार पिनांवर जेटॅग बसलेलं असतं. म्हणजे चिपच्या आत डीबगिंगसाठी जे जेटॅग नावाचं दार ठेवलंय ते कंपनीतून येतानाच उघडं असतं आणि ते पीसी २ ते पीसी ५ ह्या चार पिना धरून बसतं, तुम्ही काय वाटेल ते लिहा त्या हलत नाहीत. चिपमधली फ्यूज नावाची सेटिंग बदला नाहीतर प्रोग्राममध्ये जेटीडी नावाचा बिट चार क्लॉकच्या आत लागोपाठ दोनदा लिहा, की सुटल्या पिना. दोनदा लिहिलं, आठही लागले. पहिल्या दुकानदाराकडे मी नंतर सहा महिने गेले नाही, लाजेने.

तर तुझी सातवी पिन.

तुझा पहिला प्रोग्राम म्हणजे तो तयार ब्लिंकचा, एलईडी लुकलुकवणारा. त्यात तू खाली दोन्ही डिजिटलराइटमध्ये (पिन हाय म्हणजे ५ व्होल्ट किंवा लो म्हणजे शून्य करणाऱ्या ओळी) ७ केलंस, ते बरोबर. पण वर सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, पिन इनपुट का आउटपुट हे ठरवणारी पिनमोडची जी ओळ आहे तिथे एलईडी बिल्टइन तसंच राहिलं, आणि ऊनोवर त्याचा अर्थ १३ नंबर. म्हणजे आउटपुट कोण झालं, तर १३, जिच्यावर काहीच लिहिलं जात नाही. आणि ७ नंबर राहिली इनपुट, कारण चिप चालू होताना सगळ्याच पिना इनपुट असतात, आपण सांगितल्याशिवाय एकही आउटपुट होत नाही.

मग तू म्हणशील की इनपुट असेल तर ४.९ व्होल्ट कुठून आले. इथेच तर गंमत आहे आणि भलेभले फसतात. इनपुट असलेल्या पिनवर हाय लिहिलं की चिप आतला पुलअप रेझिस्टर जोडते, तो पिनपासून ५ व्होल्टपर्यंत जातो आणि त्याची किंमत असते २० ते ५० किलोओहम. मीटर काय करतं, मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, साध्या डिजिटल मीटरची आतली रोधकता मेगाओहमात असते, त्यामुळे त्या पुलअपवर व्होल्टेज पडत नाही आणि मीटर खुशाल ५ च्या आसपास दाखवतं. एलईडी लावला की त्याला करंट पाहिजे, तो त्या पस्तीसेक किलोओहममधून येणार, म्हणजे एलईडीवर दोनेक व्होल्ट जाऊन उरलेले ३ भागिले ३५ हजार, साधारण ०.१ मिलिअँपच्या खाली. एलईडी नीट लागायला ५-१० मिलिअँप लागतात. म्हणून मिणमिणतो.

तुला हे मळ्यातलं माहिती आहे की रे. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब शेवटच्या पोलवर मोटार, टेस्टर लावला तर झक्क पेटतो, मीटर लावलं तर व्होल्टेज भरपूर, आणि मोटार चालू केली की व्होल्टेज असं बसतं की मोटार नुसती गुणगुणते. बिनलोडचं व्होल्टेज हे असंच खोटारडं असतं. तुझी पिन म्हणजे तो शेवटचा पोल आहे.

त्यामुळे पिन बघायची तर लोडवर बघ. ३३० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी सिरीजमध्ये, पिनपासून ग्राउंडला, आणि एलईडी लावलेला असतानाच मीटरची लाल वायर पिनवर, काळी ग्राउंडला. पिन खरंच आउटपुट असेल तर साडेचारच्या वर दिसेल. १.६ ते २ च्या मधे दिसलं तर समज की पुलअपच बोलतोय, पिनमोड विसरलास. आणि शून्य दिसलं तर वेगळी गोष्ट, मग पिन किंवा वायर. ह्या एका मोजणीत तीन शक्यता वेगळ्या होतात, पाच मिनिटांचं काम, आणि दुसऱ्या बोर्डाचे पैसे वाचले असते. (तू एलईडीला रेझिस्टर लावला होतास का हे पत्रात नाही. नसेल लावला तर ह्या चुकीनेच तुझा एलईडी आणि पिन वाचलेत असं समज.)

आता दुसरा प्रोग्राम, खरा टाइमरवाला. त्यात पिनमोड ७ आउटपुट असं बरोबर लिहिलंय, मी दोनदा पाहिलं. तरी रिले वाजत नाही. का, तर सेटअपच्या पहिल्याच ओळीत तू डिले (एवढे मिलिसेकंद थांब म्हणणारी ओळ) टाकलाय, २ गुणिले ६० गुणिले १०००. दोन मिनिटं. कागदावर एकदम करेक्ट. पण ऊनोच्या चिपमध्ये साधा इंट, म्हणजे पूर्ण आकडा ठेवायचा खण, हा १६ बिटचा असतो, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतं. तू लिहिलेले तिन्ही आकडे साधे इंट, त्यांचा गुणाकारही इंटमध्येच होणार, आणि १,२०,००० त्यात मावत नाही, तो उलटून उणे ११,०७२ होतो. डिलेला उणे आकडा समजत नाही, तो त्याला सरळ मोठा अधिक आकडा म्हणून वाचतो, ४२९ कोटींच्या पुढचा, मिलिसेकंदात. मी हिशोब केला, ४९ दिवस आणि वर सतरा तास. पेरलेला मूग शेंगेवर येईल तोवर तुझा रिले पहिल्यांदा टिक करेल.

तू पाच मिनिटं वाट बघून बोर्ड खराब ठरवलास.

उपाय एका शब्दाचा पण नाही, पहिल्या आकड्याला चिकटून, त्याच्या नंतर, यूएल लाव (2UL असं), म्हणजे गुणाकार मोठ्या खणात होतो. किंवा सरळ १२०००० असं लिहून टाक, एकटा मोठा आकडा दिसला तर कंपायलर तो आपणहून मोठ्या खणात ठेवतो, गुणाकारातच तेवढा फसतो. आणि अजून एक, आर्डुइनोच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलर वॉर्निंग्स म्हणून आहे, ते नन वर असतं, ऑल कर. कंपायलर बिचारा हे ओव्हरफ्लो होतंय असं ओरडून सांगत असतो, आपणच त्याचं तोंड बांधून ठेवलेलं असतं.

हे दुरुस्त केलं की रिले वाजेल, पण उलटा वाजेल, आणि तेव्हा परत मला पत्र लिहायला बसशील म्हणून आत्ताच सांगते. बाजारात जे निळ्या रिलेचं आणि ऑप्टोकप्लरवालं (प्रकाशाने सिग्नल पलीकडे पोचवणारा भाग असलेलं) मॉड्यूल मिळतं, तुझ्या ७ नंबरवर आहे तसं, ते बहुतेक अ‍ॅक्टिव्ह लो असतं. म्हणजे पिन लो केली की रिले चालू, हाय केली की बंद. आता बघ, पिनमोड आउटपुट म्हटल्याबरोबर पिन लो होते, कारण तिच्यावर आधी काही लिहिलेलंच नसतं. म्हणजे पिनमोड नुसता डिलेच्या वर नेलास तर लाइट आल्या आल्या, तुझ्या दोन मिनिटांच्या आधीच, रिले टिक करून स्टार्टर खेचणार. एलईडीला चाललं असतं, मोटारीला नाही चालणार. म्हणून क्रम उलटा ठेव, सगळ्यात आधी डिजिटलराइट ७ हाय, मग त्याच्या खाली पिनमोड ७ आउटपुट, मग डिले. पिन इनपुट असताना हाय लिहिलं तर नुसता पुलअप लागतो आणि मग आउटपुट झाली की ती सरळ हाय म्हणूनच बाहेर येते, मधे लोचा नाही. ही दोन ओळींची अदलाबदल बहुतेक व्हिडिओत दाखवत नाहीत, कारण व्हिडिओत रिलेला बल्ब असतो, बल्ब एकदा लुकलुकला तर कुणाचं काही जात नाही.

आता ८ नंबर. ती मात्र मेलीय, आणि तूच मारलीय, तिथे मी तुझी बाजू घेणार नाही.

घरी मीटर आहे ना, तो नुसता निळा रिले हातात घे आणि कॉइलच्या दोन पायांत ओहम मोज. ७० च्या आसपास येईल. ५ भागिले ७० म्हणजे ७१ मिलिअँप. चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, एका पिनची एकदम टोकाची मर्यादा ४० मिलिअँप दिलीय, आणि टोकाची म्हणजे रोज तिथपर्यंत जायचं अशी नाही, निवांत वापरायला २० धर. सगळ्या चिपची मिळून २००. म्हणजे तू एका बैलाला दोन बैलांचं ओझं लावलं, तो दोनदा चालला हेच खूप. त्यात वर रिले बंद होताना कॉइल उलटा झटका देते, साठवलेली सगळी ताकद एकदम बाहेर टाकते, तो झटका कितीतरी जास्त व्होल्टेजचा असतो आणि सरळ पिनमध्ये घुसतो. नुसता रिले लावायचाच असेल तर मधे ट्रान्झिस्टर पाहिजे, २एन२२२२ चालेल, बेसला १ किलोओहम, आणि कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा, त्याची पांढरी रेघ प्लसच्या बाजूला. बीसी ५४७ सगळीकडे मिळतो म्हणून लोक तोच लावतात, पण त्याची मर्यादाच १०० मिलिअँप, ७१ ला तो काठावर चालतो, मला आवडत नाही. तुझ्या मॉड्यूलमध्ये हे सगळं आधीच बसवलेलं आहे म्हणून ते थेट पिनला लागतं, नुसता रिले नाही.

मेली म्हणजे किती मेली ते बघायचं असेल तर एलईडी दोन्ही बाजूंनी लावून बघ, एकदा पिनपासून ग्राउंडला आणि एकदा ५ व्होल्टपासून पिनला, रेझिस्टर दोन्ही वेळा. पिनच्या आत दोन ट्रान्झिस्टर असतात, एक वर ओढणारा एक खाली, पुष्कळदा एकच जळतो, मग ती पिन एका बाजूने काम करते. कुतूहल म्हणून बघ फक्त. आतून एकदा भाजलेल्या चिपवर मोटार सोडू नको, त्या बोर्डावर मार्करने ८ बाद असं लिही आणि तो शिकायला ठेव. तुझा ऊनो जर लांब चिपवाला असेल, म्हणजे २८ पायांची चिप सॉकेटमध्ये, तर नुसती चिप बदलता येते, फक्त घेताना बूटलोडर (यूएसबीवरून आलेला प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम) टाकलेली माग, कोरी घेतली तर यूएसबीवरून प्रोग्राम जाणार नाही आणि परत तेच रडगाणं. बारीक चौकोनी चिप डायरेक्ट चिकटवलेली असेल तर सोड.

अपलोडचं. कधी जातं कधी नाही हे तू लिहिलंस आणि ब्लूटूथ मॉड्यूल ० आणि १ नंबर पिनला लावलंय हे तुझ्या दुसऱ्या प्रोग्राममधून दिसतं, बस झालं, दुसरं कारण शोधायलाच नको. त्या दोन पिना म्हणजे आरएक्स आणि टीएक्स, यूएसबीवरून येणारा प्रोग्राम त्याच रस्त्याने चिपमध्ये जातो. बोर्डावर यूएसबीची छोटी चिप आणि ० नंबर पिन यांच्यात १ किलोओहमचा रेझिस्टर असतो, आणि तुझ्या ब्लूटूथची वायर मात्र थेट पिनवर. मग जोर कुणाचा चालणार, थेटवाल्याचा. कॉम्प्युटर प्रोग्राम ढकलतोय आणि ब्लूटूथ रस्त्यात आडवं उभं, ऊनो उत्तर देत नाही, नॉट इन सिंक. ज्या वेळी तू मॉड्यूल काढून ठेवलं असशील त्या वेळी गेलं असेल, आठवून बघ.

अपलोड करताना त्या दोन वायरी काढायच्या, किंवा सॉफ्टवेअर सीरिअल (दुसऱ्या पिनांना आरएक्स-टीएक्स करणारा तयार कोड) वापरून मॉड्यूल १० आणि ११ वर न्यायचं. पण मी म्हणते ब्लूटूथ पाहिजेच कशाला? तसल्या मॉड्यूलची रेंज साधारण दहा मीटर. तुझं घर गावात, मळा किती लांब ते तुलाच माहिती. दहा मीटरवर येऊन मोबाइल काढायचा तर हिरवं बटण हातानेच दाबावं की. काढून टाक ते, अर्धी कटकट तिथेच संपली.

मॉड्यूल काढून पण अपलोड अडलंच तर मग बाकीचं बघ: केबल नुसती चार्जिंगची तर नाही ना (अशा केबलने बोर्डाचा दिवा लागतो पण कॉम्प्युटरला पोर्टच दिसत नाही), डुप्लिकेट बोर्डावर सीएच ३४० ही यूएसबीची चिप असेल तर तिचा ड्रायव्हर टाकलाय का, टूल्समध्ये बोर्ड आणि पोर्ट बरोबर निवडलंय का. कॉलेजात कुणी नॅनो (आर्डुइनोचाच छोटा बोर्ड) वापरत असेल तर त्याला सांग की जुन्या बूटलोडरचा नॅनो ५७६०० च्या स्पीडने बोलतो आणि नवा ११५२०० ने, त्यामुळे प्रोसेसरमध्ये ओल्ड बूटलोडर निवडून बघायचं, निम्मे खराब नॅनो तिथेच बरे होतात. आणि यूएसबीची बाजू चांगली आहे का हे बघायची युक्ती, रिसेट पिन एका वायरने ग्राउंडला, ० आणि १ एकमेकांना जोडायच्या, आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला सीरिअल मॉनिटर उघडून काहीतरी टाइप करायचं. टाइप केलेलं परत आलं म्हणजे केबल, ड्रायव्हर, यूएसबी चिप सगळं ठीक, गडबड पुढे आहे. नाही आलं तर गडबड अलीकडे. परत परत अपलोड केलं तर चिप झिजते का म्हणून पोरं घाबरतात, डेटाशीटला १०,००० वेळा लिहिलंय, तेवढ्यात तुझी डिग्री पण होईल.

एवढं सगळं झालं की टेबलावर ते मस्त चालेल आणि मळ्यात बंद पडेल. हे मी शाप देत नाहीये, सगळ्यांचं होतं. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे आतला कॉइलवाला मोठा स्विच, खाडकन ओढला की वायरीतून आणि हवेतून पण असा कचरा येतो की ऊनो मधेच रिसेट होतो, आणि रिसेट झाला की तुझा प्रोग्राम परत पहिल्यापासून, परत दोन मिनिटं. रिले मॉड्यूलचा ५ व्होल्ट बोर्डाच्या पिनवरून न घेता सरळ चार्जरवरून वेगळा ओढ, मॉड्यूलजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, स्टार्टरच्या आणि ऊनोच्या वायरी एका पट्टीत बांधू नको, आणि डबा स्टार्टरच्या आत नको, हातभर लांब. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर गोल जॅकला लावलास तर उरलेले ७ व्होल्ट तो छोटा रेग्युलेटर नुसते तापून उडवतो, दीडशे मिलिअँपला एक वॅट उष्णता, बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यात. आणि आपल्याकडचा मे, सावलीतच पंचेचाळीस, पत्र्याचा डबा उन्हात. मोबाइलचा चांगला ५ व्होल्टचा चार्जर बरा.

स्टार्टरला हात लावायच्या आधी मात्र थांब. तुझ्या मॉड्यूलच्या रिलेवर बघ, २५० व्होल्ट एसी असं छापलेलं असेल. पुष्कळ मोटार स्टार्टरची कॉइल दोन फेजवर म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. तिथे हा रिले लावायचा नाही, त्याचे कॉन्टॅक्ट त्यासाठी नाहीतच. मधे वेगळा कॉन्टॅक्टर किंवा त्या व्होल्टेजचा रिले लागतो आणि ते काम तू नाही, वायरमन करेल, कॉइल किती व्होल्टची आहे हे पण तोच बघेल. त्याला एवढंच सांग की एक कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला पॅरलल पाहिजे, सेकंदभर दाबून सोडणारा, आणि बंद करायचं असेल तर दुसरा लाल बटणाच्या सिरीजमध्ये. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (मोटार जास्त करंट ओढायला लागली की बंद करणारा) आहे तसाच राहिला पाहिजे, त्याला बायपास करून देतो म्हणणारा वायरमन असेल तर दुसरा बघ. तुझा प्रोग्राम अडकला तरी मोटार वाचवायला तेवढाच एक उरतो.

आणि दोन मिनिटांचं. ऑटोस्विच (लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा) काढा, कपॅसिटर बसवा असं महावितरण शेतकऱ्यांना सांगत असतं ते उगाच नाही, लाइट आल्या आल्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की व्होल्टेज बसतं आणि डीपीवर ताण येतो, आणि डीपी जळाली की मग बसा सगळे केळी वाळताना बघत. तुझ्या टाइमरमध्ये निदान थांबणं आहे, पण दोन मिनिटं सगळ्यांनाच सुचतात. सात कर, नाहीतर अकरा. त्याआधी डीपीवरच्या शेजाऱ्यांशी पप्पांना बोलायला सांग, कुणाचा किती ते ठरवून घ्या. आणि मोटारीला कपॅसिटर आहे का ते वायरमन आलाच आहे तर त्याच्याकडून बघून घे.

पप्पांचं म्हणशील तर त्यांना टाइमर लगेच दाखवू नको. आठ दिवस घरातच चालव, स्टार्टर नाही, मोटार नाही, रिलेच्या दोन कॉन्टॅक्टला नुसतं मीटर बीपवर लावून. घरची लाइट गेली-आली की वही काढायची, किती वाजता आली, किती मिनिटांनी बीप झाला. आठ दिवसांत एकदाही चुकला नाही तर ती वही दाखव त्यांना.

आणि मला परत लिहिशील तेव्हा ७ नंबरवर एलईडी लावलेला असताना मीटरवर किती आले तो आकडा लिही. मिणमिणतो, थोडासा लागतो, असं नको. आकडा.